मौनाची शिकवणी

श्यामसुंदर सर बोलायला लागले की खाली नवघर रोडवरचा भाजीवालासुद्धा ओरडायचं थांबतो, असं त्यांची बायको क्षमा म्हणायची. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. सरांनी तीसेक वर्षं मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवलं, निरोपसमारंभात सगळ्यांचे चहा गार होईपर्यंत भाषण केलं आणि दुसऱ्याच दिवशी घरी शिकवण्या सुरू केल्या. एका वेळी एकच मूल. बाहेरच्या क्लासमध्ये ऐंशी-ऐंशी पोरांच्या पंगती बसतात, वाढपी धावत धावत वाढत सुटतो, कुणाच्या पानात काय पडलं ते कुणी बघत नाही. मी मात्र एकेकाला घास भरवतो, असं ते अभिमानानं सांगत. आणि खरोखरच भरवत. त्यांचं शिकवणं ऐकायला इतकं गोड की आपण गणिताला बसलोय याचा विसर पडावा. प्रश्न तेच विचारत, उत्तर तेच देत, आणि ते उत्तर किती देखणं आहे याचं कौतुकही तेच करत.

गेलं वर्षभर त्यांच्याकडे श्वेता येत होती. दहावीची, म्हाडा कॉलनीत राहणारी. आजोबा गिरणीत होते, वडील जयवंत मालाडच्या एका कंपनीची बस चालवत, आणि गाव कणकवलीच्या अलीकडे. पोरगी शांत, अक्षर सुरेख, आणि घरून एकच शिकवण घेऊन आलेली की सरांना उलट काही विचारायचं नाही. सर मध्येच थांबून 'काय, कळलं ना?' म्हणत, ती मान डोलावून 'कळलं सर' म्हणे, की गाडी पुढे. वर्षभरात ती या दोन शब्दांपलीकडे फारशी गेली नाही आणि सरांनाही त्याची गरज भासली नाही. उलट अशी समजूतदार विद्यार्थिनी फार वर्षांनी मिळाली, असं त्यांनी क्षमाताईंना दोनतीनदा ऐकवलं होतं.

मे महिन्यात निकाल लागला आणि समजूतदार विद्यार्थिनीची गणितात दांडी उडाली. बाकी सगळ्या विषयांत साठच्या वर, आणि गणितात नापास.

सरांनी तो निकाल मोबाईलवर इतक्या वेळा उघडून पाहिला की शेवटी क्षमाताईंनी मोबाईल काढून घेतला. शाळेत त्यांची मुलं नापास झाली नव्हती असं नाही, पण तिथे वर्गात साठ डोकी असायची, दोष साठ जागी वाटला जायचा. इथे समोर एकटी श्वेता आणि एकटे सर. दोष ढकलायचा तर कुणावर? आणि पोरीचं स्वप्न साधं होतं. तिच्या खिडकीसमोर पुनर्विकासाची इमारत उभी राहत होती, तिचा एकेक मजला चढताना ती बघत आली होती आणि तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. गणित राहिलं म्हणजे ते दार बंद. आता एकच फट उरली होती, जूनअखेरीची पुरवणी परीक्षा. त्यात गणित सुटलं तर नंतरच्या फेरीत कुठेतरी प्रवेश मिळाला असता. नाही सुटलं तर पोरीला आर्ट्सला घालायची आणि डिप्लोम्याचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, असं जयवंतनं ठरवून टाकलं होतं.

सरांनी श्वेताला रोज यायला सांगितलं. तीही मे महिन्यात गावाला न जाता मागे राहिली. घरातले सगळे आंबे खायला गेलेले आणि ही पोर वडलांना डबा करून देऊन वही घेऊन नवघर रोडला यायची. सरांनी पहिल्या धड्यापासून पुन्हा सगळं समजावायला घेतलं, पूर्वीपेक्षा दुप्पट जोरानं, दुप्पट प्रेमानं. आणि आठवड्याच्या आत दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. सरांचा आवाज गेला.

आधी खरखर झाली, मग फाटला, मग तोंडातून नुसतीच हवा यायला लागली. क्षमाताई त्यांना घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर अनिरुद्ध हा सरांचाच जुना विद्यार्थी, आणि तोही साधासुधा नाही. वर्गात बडबड करतो म्हणून सरांनी ज्याला सर्वांत जास्त वेळा बाहेर उभं केलं तो. त्यानं नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं की बोलून बोलून स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी आल्या आहेत, शिक्षकांना आणि गवयांना येतात तशा. अजून लहान आहेत. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं घशावर उलट जास्त ताण येतो. ऐकलं तर बरं, नाहीतर ऑपरेशन.

सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. अनिरुद्धनं शांतपणे दाराकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत ही संधी येईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. सोसायटीतून ज्येष्ठमध आला, खडीसाखर आली, कुणी हळदीचं दूध सुचवलं, कुणी मिठाच्या गुळण्या. लग्नानंतर पहिल्यांदाच क्षमाताईंची वाक्यं मध्येच न तुटता शेवटापर्यंत पोचू लागली आणि त्या चांगल्याच खुलल्या. सरांची मात्र दशा बघवत नव्हती. सकाळी पेपरमधली बातमी वाचून मत द्यायला तोंड उघडायचे आणि गप्पकन मिटायचे. पोटात शब्दांचा साठा वाढत चाललेला आणि बाहेर काढायला वाट नाही. त्यात श्वेताची काळजी. परीक्षा महिन्यावर आलेली आणि गुरुजी मुके.

पण हार मानतील तर ते सर कसले. त्यांनी पांढरा फळा काढला, मार्कर घेतला आणि जे बोलायचे ते लिहायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी इतकं लिहिलं की फळा सातआठदा पुसावा लागला. प्रस्तावना, गंमत, इशारा, कंसात आठवण, सगळं लिहून. श्वेतानं ते सगळं आपल्या सुरेख अक्षरात उतरवून घेतलं. शेवटी सरांनी फळ्यावर मोठं प्रश्नचिन्ह काढून भुवया उंचावल्या आणि ती म्हणाली, "कळलं सर."

ती गेल्यावर क्षमाताईंनी फळ्याकडे बघत म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी तोंड बंद करायला सांगितलं तर तुम्ही हातानं बडबडताय." मग जरा थांबून त्यांनी आणखी एक वाक्य पूर्ण केलं, "आणि घास भरवून भरवून त्या पोरीला चावायची सवय कधी लागायची?"

सरांना राग आला. उत्तर द्यायची सोय नव्हती म्हणून तो राग रात्रभर पोटातच राहिला आणि पोटात राहिला म्हणूनच बहुधा पचला. एरवी त्यांनी लगेच चार वाक्यं टोलावली असती आणि मुद्दा तिथेच मेला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा काढलाच नाही. एका कागदावर एक आकृती काढली, काटकोन त्रिकोण, काटकोनाचा कोपरा वर आणि लांब बाजू खाली आडवी. तीन बाजूंपैकी दोन मापं दिली, तिसरी विचारली. कागद श्वेतापुढे सरकवला, पेन्सिल तिच्या हातात दिली आणि आपण हाताची घडी घालून बसले.

श्वेता वाट बघत राहिली. सरही वाट बघत राहिले. एवढा वेळ गप्प राहून कुणाची वाट बघणं सरांच्या स्वभावात नव्हतं. वर्गात प्रश्न विचारून श्वास घ्यायच्या आत ते उत्तर सांगून मोकळे व्हायचे. आता पंखा फिरत होता, खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि पोरगी कागदाकडे बघत होती. 'कळलं सर' म्हणावं तर कुणी काही विचारलंच नव्हतं. शेवटी तिला ती शांतता असह्य झाली असावी. ती हळूच म्हणाली,

"सर, यात कुठला कर्ण घ्यायचा?"

सरांनी भुवया वर केल्या.

"म्हणजे, याला दोन कर्ण आहेत ना. एक डावीकडचा, एक उजवीकडचा."

सर खुर्चीतून अर्धे उठले. तळपायाची आग मस्तकात गेली. काटकोन त्रिकोणाला दोन कर्ण? पायथागोरस सातवीपासून शिकतेस आणि... पण हे सगळं आतल्या आत. तोंड उघडलं असतं तर पोरीला व्याख्या ऐकवली असती, दहा उदाहरणं दिली असती, तिनं मान डोलावली असती आणि ते दोन कर्ण तिच्या डोक्यात जिथल्या तिथे सुखानं नांदत राहिले असते. तोंड बंद होतं म्हणून सर परत खाली बसले आणि हातानं नुसतंच 'पुढे बोल' असं खुणावलं.

मग पोरगी बोलली. व्याख्या तिला पाठच होती, काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, हे तिनं घडाघडा म्हणूनही दाखवलं. पण कर्ण ओळखायचा कसा, तर तिरकी रेघ बघायची. एक उभी, एक आडवी आणि एक तिरकी. तिरकी तो कर्ण. या आकृतीत दोन तिरक्या होत्या, तर कर्ण दोन. पुस्तकातही अशी आकृती यायची तेव्हा ती गोंधळायची, पण उदाहरणं पाठ करून वेळ मारून न्यायची. परीक्षेत आकृती जरा फिरली की सगळंच फिरायचं.

सरांनी डोळे मिटले. त्यांच्यापुढे आपले सगळे फळे उभे राहिले. शाळेतला हिरवा, घरातला पांढरा. प्रत्येकावर काटकोन त्रिकोण, आणि प्रत्येकाचा काटकोन खाली डावीकडे, कारण गुण्या तिथे टेकवला की रेघ चटकन मारता येते. उभी, आडवी, तिरकी. पोरीनं चूक केली नव्हती. सरांनी जे दाखवलं होतं तेच ती इमानदारीनं शिकली होती. घोडं कुठे पेंड खात होतं ते आत्ता कळलं, आणि पेंड घालणारे आपणच होतो हेही.

त्यांनी टेबलावरचा कागद बोटांनी धरला आणि हळूहळू फिरवला. काटकोनाचा कोपरा वरून सरकत सरकत खाली डावीकडे आला. मघाशी आडवी पसरलेली लांब बाजू आता तिरकी झाली होती.

श्वेता बघत राहिली. मग तिनं कागद आपल्या हातात घेतला, परत पहिल्यासारखा फिरवला, मग पुरता उलटा केला, मग उभा धरला. काटकोनाच्या कोपऱ्यावर एक बोट आणि समोरच्या बाजूवर दुसरं बोट ठेवून ती कागद फिरवत बसली. बोटं कुठे हलली नाहीत.

"म्हणजे सर, कागद कसाही फिरवला तरी तो तोच राहतो," ती म्हणाली. आणि मग, जरा रागानंच, "मग हे मला एवढे दिवस कुणी का नाही सांगितलं?"

सांगितलं होतं, गं बाई, लाखदा सांगितलं होतं. सरांनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं.

त्या दिवसापासून शिकवणीचं रूपच पालटलं. सर एक उदाहरण पुढे ठेवत आणि मूग गिळून बसत. श्वेता मोठ्यानं विचार करत सोडवायची, कारण नाहीतर खोलीत आवाजच उरला नसता. आधी अडखळत, शब्द तोडत, मग हळूहळू मोकळेपणानं. बोलली की चूक कुठे आहे ते उघडं पडायचं. एकदा वजाबाकीचं चिन्ह कंसाच्या दाराशीच सोडून ती आत शिरायची ते सापडलं. एकदा 'दुप्पट' आणि 'वर्ग' हे तिच्या लेखी एकच आहे हे सापडलं. अशा जुन्या जुन्या गाठी, कुठल्या तरी पाचवी-सहावीत बसलेल्या, एकेक करून वर यायला लागल्या. सर ती चूक पुसत नसत. दुसरा एखादा आकडा घेऊन अशी जागा दाखवत की तिला स्वतःलाच उत्तर विचित्र वाटावं. मग ती हसायची आणि आपणच दुरुस्त करायची.

यात एक अडचण मात्र होती. सरांचा चेहरा. तोंड बंद असलं तरी त्यांचं नाक बोलायचं. श्वेता चुकीच्या वाटेला लागली की नाकपुड्या फुलायच्या आणि बरोबर वाटेला असली की मिशी किंचित उचलली जायची. पोरगी हुशार. दोन दिवसांत तिनं हे हेरलं आणि उदाहरणाकडे बघायचं सोडून सरांच्या नाकाकडे बघत आकडे बदलायला लागली. आठाचे सात, साताचे सहा, मिशी उचलली की थांब. हे क्षमाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी त्या दिवशीचा पेपर आणून सरांच्या हातात दिला आणि तो त्यांच्या तोंडापुढे उघडून धरला.

तेव्हापासून सर पेपरामागे बसत. श्वेता बोलायची, सर पेपराआडून ऐकायचे, आणि फारच घोटाळा झाला तर टेबलावर बोटानं टकटक करायचे. झकास चाललं होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी जयवंत दारात उभे राहिले.

कंपनीला सुट्टी होती. गावाहून आलेला फणस त्यांनी सरांसाठी आणला होता. दार उघडंच होतं, क्षमाताई बाजारात गेल्या होत्या. जयवंतनी आत पाहिलं तर पोरगी एकटी वहीत डोकं घालून पुटपुटतेय आणि सर आरामखुर्चीत रेलून पेपर वाचताहेत. घसा बसलाय हे त्यांना ठाऊक होतं. पण वाचायला डोळे ठीक आहेत आणि शिकवायला काही नाही, हे काही त्यांना समजेना. त्यांनी फणस दाराशी ठेवला.

"सर, माका राग नाय हां," जयवंत म्हणाले, आणि राग आला होता हे स्पष्टच दिसत होतं. "पण पोरगी नापास झाली म्हणून तुम्ही तिला सोडून दिलीत काय? तसं सांगा ना. नाक्यावर क्रॅश कोर्स चालू झालाय, उद्यापासून तिथे घालतो."

सर पेपर टाकून उठले. त्यांना सांगायचं होतं, इतकं काही सांगायचं होतं. दोन कर्ण, कागद, नाक, पेपर, सगळं. तोंड उघडलं, आणि अनिरुद्धचं बोट आठवलं. त्यांनी हात वर केले, श्वेताकडे दाखवलं, वहीकडे दाखवलं, पेपरकडे दाखवलं आणि पेपर नाकासमोर धरून दाखवला. याचा अर्थ जयवंतना काय कळणार? माणूस आणखीच बिथरला. पोरगी त्या ऐंशीच्या पंगतीत गेली तर परत मान डोलवायला लागेल, आणि मग संपलं, हे सरांना स्वच्छ दिसत होतं. इतकं असहाय त्यांना निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही बसा," श्वेता म्हणाली. "मी सांगते."

तिनं वडलांना खुर्चीत बसवलं. कागदावर त्रिकोण काढला, मुद्दाम वाकडा, काटकोन कुठल्या कुठे. कर्ण कुठला ते दाखवलं, कागद गरागरा फिरवून तो तोच कसा राहतो ते दाखवलं. मार्चमध्ये आपण कुठे कुठे चुकलो, का चुकलो, ते सांगितलं. सर बोलायचे तेव्हा ऐकायला छान वाटायचं पण घरी गेल्यावर हाताला काही लागायचं नाही, आणि आता रोज हाताला लागतं, हेही सांगितलं. पेपराचं कारण सांगताना मात्र तिला हसू आवरेना आणि तिनं सरांच्या नाकपुड्यांची नक्कल करून दाखवली. मग सर समोरच आहेत हे आठवून तिनं जीभ चावली.

जयवंतनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिला. आपली पोर एका दमात एवढी वाक्यं बोललेली त्यांनी घरीसुद्धा ऐकली नव्हती.

"तू काय बोललंस तां माका काय कळूक नाय," ते शेवटी म्हणाले. "पण तुका कळला हा, ह्यां माका कळला."

मग त्यांनी सरांपुढे हात जोडले, दाराशी जाऊन फणस आत आणून ठेवला आणि क्रॅश कोर्सचं नाव पुन्हा काढलं नाही. सरांचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवडे संपले. अनिरुद्धनं पुन्हा नळी घालून पाहिलं, गाठी जवळजवळ विरल्या होत्या. हळू आवाजात, थोडं थोडं बोलायला परवानगी मिळाली. परीक्षा तोंडावर आलेली. सर घरी आले ते धरणाचे दरवाजे उघडल्यासारखे. श्वेता आल्याबरोबर त्यांनी वर्तुळाचं प्रकरण घेतलं, आणि हळू आवाज वगैरे सगळं विसरून, काय सांगावं, असं शिकवलं की स्वयंपाकघरात क्षमाताईंनीसुद्धा फोडणी थांबवून ऐकलं. स्पर्शिका, त्रिज्या, जीवा, एकातून एक उलगडत गेलं. शेवटी सर घाम पुसत म्हणाले, "काय, कळलं ना?"

"कळलं सर," श्वेता म्हणाली.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. सरांनी एक उदाहरण पुढे सरकवलं. श्वेतानं पेन्सिल उचलली, आकृतीकडे बघितलं, आणि खाली ठेवली. नंतर ती मान खाली घालून, पण स्पष्टपणे बोलली. घरची शिकवण ती पहिल्यांदाच मोडत होती.

"सर, राग मानू नका. तुम्ही सांगता तेव्हा गणित सुटतं. पण ते तुमचं सुटतं. माझं तसंच राहतं."

तीस वर्षांत सरांना एवढं खरं कुणी सुनावलं नव्हतं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आपला आवाज म्हणजे आपली सगळी कमाई असं ते धरून चालले होते. मुलं वर्षानुवर्षं भेटतात, सर तुमचं शिकवणं अजून कानात आहे म्हणतात. कानात आहे, बरोबर. हातात किती जणांच्या होतं ते सरांनी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरनं गप्प बसवलं ते सोपं होतं, तिथे ऑपरेशनची धास्ती होती. आता घसा बरा, जिभेवर अख्खं प्रकरण तयार, आणि तरी गप्प बसायचं, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

ते उठले, कपाटावरचा पेपर घेतला आणि खुर्चीत बसून तोंडापुढे धरला. "बोल," त्यामागून एवढंच ऐकू आलं.

परीक्षा होईपर्यंत ते असेच बसले. एखादा शब्द बोलले असतील, 'का?' किंवा 'पुन्हा बघ', त्यापलीकडे नाही. क्षमाताईंना वाटलं घसा परत बिघडला, म्हणून त्या एकदा काढा घेऊन आल्या, तर सरांनी पेपराआडून नुसता हात हलवला. कधी कधी श्वेता इतका वेळ अडायची की सरांच्या हातातला पेपर थरथरायचा. पण तो खाली आला नाही.

भूमितीचा पेपर भांडुपच्या एका शाळेत होता. सरांनी जाऊ नये असं क्षमाताईंचं मत होतं, ते तरी गेले. फाटकाबाहेर पालकांची गर्दी, जो तो आपल्या पोराला कसा गेला, किती सुटले, ते पाचवं काय आलं, असं विचारत होता. श्वेता बाहेर आली, प्रश्नपत्रिका हातात. सरांच्या जिभेच्या टोकावर सगळे प्रश्न येऊन उभे होते. त्यांनी ते गिळले आणि नुसतेच तिच्याबरोबर बसस्टॉपकडे चालायला लागले.

तीच बोलायला लागली. पहिल्या प्रश्नापासून, ओळीनं. एका त्रिकोणाचा काटकोन थेट वर होता, तर तिनं प्रश्नपत्रिका फिरवून बघितली आणि पर्यवेक्षिकाबाईंनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. ते सुटलं. स्पर्शिकेचं सुटलं. मग एक उदाहरण, कर्ण तेरा, एक बाजू पाच, तिसरी काढायची. कर्ण बरोबर ओळखला, वर्ग बरोबर केले, पण वजाबाकी करून एकशे चौतीस आले, त्याचं वर्गमूळ काही नीट निघेना, म्हणून तसंच वर्गमूळ ठेवून पुढे गेले, असं ती सांगून गेली.

सर चालता चालता अडखळले. तेरा पाच बारा. एकशे चव्वेचाळीस. लहान पोराला यावी अशी वजाबाकी. सांगावं असं इतकं वाटलं की त्यांनी ओठ दाताखाली धरले. बसस्टॉप आला, बस आली, गेली. श्वेता पुढच्या प्रश्नावर बोलत होती आणि बोलता बोलता मध्येच थांबली.

"थांबा सर. एकशे एकोणसत्तर वजा पंचवीस." तिनं बोटानं हवेत लिहिलं. "चव्वेचाळीस. एकशे चव्वेचाळीस आलं पाहिजे, मी चौतीस लिहिलं. म्हणूनच ते निघेना." आणि ती रडेल म्हणून सर घाबरले, तर ती हसायला लागली. "काय यडपट आहे मी. पण रीत बरोबर आहे, सगळे मार्क नाही जाणार. पास होईन मी, सर. होणारच."

पुढे जुलैत निकाल लागला. ती पास झाली, बऱ्यापैकी मार्कांनी झाली, आणि ठाण्याच्या बाजूला एका पॉलिटेक्निकमध्ये तिला सिव्हिलला जागाही मिळाली. जयवंत पेढे घेऊन आले. पण सरांनी त्या निकालाची वाट बघितली नाही. त्या दुपारी भांडुपहून घरी आले तेव्हाच त्यांचा चेहरा उजळला होता.

क्षमाताईंनी दारातच विचारलं, कसा गेला पेपर, काही कळलं का, चुकलं का कुठे.

"चुकलं ना," सर म्हणाले. "एक वजाबाकी चुकली. तिनं स्वतःच शोधली, क्षमा. रस्त्यात, बसस्टॉपवर. मला सांगावं लागलं नाही. आता ती माझ्याकडे आली नाही तरी चालेल."

शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज अडकला आणि पुढचं बाहेर येईना. क्षमाताई घाबरल्या, त्यांनी लगेच डॉक्टरला फोन लावायला घेतला. पण सरांच्या घशाला काही झालं नव्हतं.